डावीकडे न वळणारी मान

कळवा, खाडीकाठ
९ फेब्रुवारी १९९२

ती. शेवंतीवन्सं यांस, तुमची भावजय आवडा हिचा पाया पडून नमस्कार. (मान वाकत नाही, म्हणून खरं तर उभ्याउभ्याच केलाय. पडले असं धरून चाला.) तुमचे गुडघे कसे आहेत? शहाडचं पाणी मानवतंय का? हेमा आणि जावई बरे असतीलच. मी तिसरी पास, अक्षर कोंबडीच्या पायाचं, तेव्हा पत्र हेमाकडून वाचून घ्या आणि तिला म्हणावं, मधलं काही गाळू नकोस, मामी जशी बोलते तसंच वाच. दोन वर्षं ही बोलली नाही नि आता एकदम पत्र कुठून आलं, असं तुमच्या मनात येईल. येऊ दे. मला फक्त मानेबद्दल लिहायचंय.

मान धरली ती नवरात्रात, तुम्ही लेकीकडे शहाडला जायच्या आधी. मासळीने भरलेली पाटी आपली आपल्या डोक्यावर चढवता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतोच, हे तुम्हाला काय सांगायचं. तीस वर्षं तुमच्या भावाने दारात माझी पाटी उचलून दिली. (तोंडाने कधी गोड बोलला नाही, पण पाटीला हात लावायला चुकला नाही.) तो गेल्यावर मी शेजारच्या रखमाबाईला हाक मारायचे. त्या दिवशी ती देवीला गेलेली. गल्लीत दुसरं कोणी नाही, फक्त तुम्ही, तुमच्या दारात, कमरेवर हात ठेवून. मी बघितलं, आणि मी बघितलं ते तुम्हीही बघितलं. एक हाक मारायची होती. नाही मारली. पाटी ओट्यावर ठेवली, खाली बसून डोकं घातलं आणि एकटीच उठले. मानेत काडकन वाजलं. ते तुम्हालाही ऐकू आलं असणार, कारण तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत. मी थांबले नाही. तशीच अख्खा खाडीपूल चालून ठाण्याच्या बाजारात गेले, पाटी उतरवली, आणि बघते तर मान आखडलेली. उजवीकडे थोडी वळे, डावीकडे नाव नाही.

मग काय, सगळी गल्ली डॉक्टर झाली. रखमाबाईने मीठ तापवून फडक्यात बांधून शेकलं, त्याने बरं वाटलं, म्हणून तिने दुसऱ्या दिवशी इतकं तापवलं की कातडं सोललं. एक म्हणे उशी काढून टाक, दुसरी म्हणे दोन घे. बाळकुमला काळुराम म्हणून हाडं बसवणारा आहे, त्याच्याकडे गेले. त्याने मुंडकं धरून असा हिसका दिला की मला डोळ्यांसमोर सासूबाई दिसल्या. (जाऊन बारा वर्षं झाली, पण अजून रागावलेल्याच होत्या.) मी काळुरामच्या एक थोबाडीत ठेवून दिली आणि घरी आले. त्यानंतर दवाखान्यातल्या डॉक्टरने गळ्यात पट्टा अडकवला. तो घालून बाजारात बसले तर नवाच घोळ. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा आपण कुठे बोलतो? मान उडवतो, त्यात सगळं आलं. पट्ट्यात मान उडेना. मी नुसती बघत बसले की त्यांना वाटे, बाई कबूल झाली. नौपाड्याचे प्रभाकरराव तर माझ्यादेखत कोलंबी पिशवीत ओतून, वर "आवडाबाई, हल्ली तुमचा स्वभाव फार निवळला हो" म्हणून निघून गेले. चौथ्या दिवशी पट्टा खुंटीला टांगला.

पण त्याच प्रभाकररावांची सून सुमेधा मानापाठीच्या व्यायामाची डॉक्टरीण निघाली. ती एकदा बोंबील घ्यायला आली आणि बोंबील सोडून माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज अशाच उजवीकडे तोंड करून बसता?" मी म्हटलं, हो. "कधीपासून?" म्हटलं, झाली दोन वर्षं. "डावीकडे काय आहे?" "काही नाही." "मग तिकडे बघत का नाही?" सगळा बाजार खो खो हसला, वन्सं. सगळ्यांना ठाऊक ना, डावीकडे काय होतं ते.

तुमचा भाऊ गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी बाजारात येऊन बसले, तेव्हा तुम्ही चारचौघींत म्हणालात, "भावाची राख निवली नाही नि ही मासळी मांडून बसली." त्या दिवसापासून मी डावीकडे मान फिरवली नाही. सासूबाईंनी आपली एक जागा लेकीला नि सुनेला अर्धी अर्धी वाटून दिलेली, म्हणजे उठून लांब जायचीही सोय नाही. तुमचा कोपर माझ्या कोपराला लागायचा, आणि मी उजवीकडच्या भिंतीकडे बघत मासळी विकायचे. सुमेधा म्हणाली, हिसका बसला त्याचं दुखणं महिन्याभरात गेलं असतं, पण दोन वर्षं एकाच बाजूला वळून बसलात, खांदे कानाशी चढवून, दात आवळून, त्याने मान लाकूड झाली. ओल्या गरम फडक्याने शेका, उशी पातळ घ्या, खांदे खाली सोडा, आणि दिवसातून तीनदा हळूहळू दोन्हीकडे वळा. ताण बसेल तिथे थांबा, श्वास घ्या, हिसका नको. (हेमाला हे दोनदा वाचायला सांगा, तुमच्या मानेलाही उपयोगी पडेल. तुम्हीही तेव्हा माझ्याकडे पाठ करून पलीकडेच बघत असायचात.)

केलं मी. पहिल्या आठवड्यात माझा खांदा दिसला. मग बाजाराचा मधला खांब. गेल्या सोमवारी तुमची जागा अख्खी दिसली. तुम्ही होता तेव्हा बघितलं नाही, आता बघायला मान फिरते तर तिथे कोणी नाही. त्या दिवशी मी लवकर घरी आले.

बाजाराच्या पंचांचं म्हणणं, दिवाळीपासून जागा रिकामी आहे, शिमग्यापर्यंत शेवंतीबाई बसल्या नाहीत तर बर्फवाल्या आनंदाला देऊन टाकू. मी म्हटलं, द्या, मला काय त्याचं. तुमचं तुम्ही बघा. माझ्यासाठी म्हणून मुळीच येऊ नका, माझं छान चाललंय. हेमाला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, आणि माझ्यावर राग असेल तर तो तुमच्यापाशीच ठेवा, इकडे पाठवू नका.

आवडा

ता. क. पंचांना "द्या" म्हटलं ते खोटं आहे. रोज सकाळी मी तुमच्या जागेवर पाणी मारते, गोणपाट अंथरते, माझ्यातले दोन वाटे तिथे मांडते. कोणी विचारलं तर सांगते, वन्सं चहाला गेल्यात. आता तीन महिने झाले, इतका चहा कोणी पीत नाही.

आणखी एक ता. क. ज्या दिवशी तुमचा भाऊ गेला त्या दिवशी त्याला खाडीत जिताडा मिळालेला. सहा किलोचा. कारखान्यांचं पाणी सुटल्यापासून आपल्या खाडीत जिताडा कोणाला दिसला होता का? तिन्हीसांजेला बर्फात ठेवताना मला म्हणाला, कापू नकोस गो, अख्खा मांड, बाजाराला बघू दे आपली खाडी मेली नाही ते. मग छाती धरून बसला तो बसलाच. तुम्ही सगळ्या पुढच्या दारी रडत होता तेव्हा मी मागच्या दारी बर्फ बदलत होते. तिसऱ्या दिवशी तो मासा आणखी ठेवता येईना. वन्सं, मी विकायला नव्हते बसले. किती जणांनी भाव विचारला, मी सांगितला नाही. दिवसभर मांडला आणि येताना पुलावरून खाडीत सोडला. हे तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं, पण तुम्ही आधी बोललात, मग मी कशाला बोलते. एवढा मोठा मासा पाटीत, आणि तुम्ही माझ्याच तोंडाकडे बघत होता.

त्याच्याबद्दल बोलायला मला या कळव्यात कोणी उरलेलं नाही. शिमग्याच्या आत या. उत्तर लिहीत बसू नका, हे एवढं लिहायला मला तीन दिवस लागलेत.