आप्पांनी हॉर्न सोडला

१२ जानेवारी

तीर्थरूप गुणमालाआत्ती यांना,

आर्जवचा पायावर डोकं ठेवून जय जिनेंद्र. दीपालीचाही. ब्राह्मी शाळेत गेलीय, तिचा संध्याकाळी घ्यावा. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत, आणि हे वाक्य लिहून होईपर्यंत तरी ते खरं आहे, कारण आप्पा दुपारची झोप घेतायत आणि त्यांची स्कूटर परड्यात उभी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? दीपालीने पाठवलेलं तेल लावता, की अजून शेजारणीलाच देता? कवठे महांकाळला यंदा थंडी फार आहे म्हणे. पहाटे डाळिंबाच्या बागेत स्वतः जाऊ नका, असं तुम्हाला लिहायला आप्पांनी बजावलंय. (दुसऱ्याच्या जिवाची काळजी त्यांना पूर्वीपासूनच फार.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. तर फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही स्पीकर लावता, मग आमच्या घरातली गोष्ट तुमच्या गल्लीला कळते, तिथून ती पलूसच्या बाजारात येते आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दारात हजर होते. या वेळी विषय तुमच्या भावाचा, आप्पांचाच आहे, त्यामुळे हा धोका पत्करता येत नाही.

आधी माझं सांगतो. मी गावच्या रस्ता सुरक्षा समितीचा सेक्रेटरी झालोय. पात्रता म्हणाल, तर माझ्या खताच्या दुकानात प्रिंटर आहे. समितीचे अध्यक्ष पतसंस्थेचे विश्वजित चेअरमन. ते हेल्मेट घालत नाहीत, कारण तोंड झाकल्यावर चेअरमन चाललेत हे गावाला कळणार कसं? गेल्या वर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात आम्ही हेल्मेट जागृतीची रॅली काढली. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीतच आहे, बारशालासुद्धा फेटे बांधतात. पाहुण्यांना फेटे बांधले, समितीला बांधले, मागं बसणाऱ्यांनाही बांधले, आणि निघताना लक्षात आलं की फेट्यावर हेल्मेट बसत नाही. फेटा सोडायचा म्हणजे पाहुण्यांचा अपमान. मग सगळ्यांनी हेल्मेटं आरशाला अडकवली आणि ‘डोकं सांभाळा’ अशा घोषणा देत रॅली गावभर फिरली. एकाचं हेल्मेट आरशावरून सुटलं, मागच्याच्या चाकाखाली आलं आणि तो आडवा झाला. फेटा जाड होता म्हणून डोकं वाचलं. तेव्हापासून फेटाच हेल्मेटपेक्षा बरा, असं गावात मत झालंय, आणि समितीचा सेक्रेटरी या नात्याने मला त्यावर तोंड उघडता येत नाही.

तुम्ही पाहिलेला रस्ता आता विसरा. तेव्हा खड्ड्यांनी मणका जायचा, पण माणूस राहायचा. सिमेंटचा रस्ता झाला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. वर्षभरात बावीस अपघात झाले. पुढच्या वर्षी एकतीस. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या आणि कर्ण्यातली गाणी घेऊन असे जातात, की पुढे कोण आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही आणि मागे कोण ओरडतंय हे ऐकू येत नाही. पोरांच्या मोटारसायकली तर विचारूच नका. त्याच साली दिवाळीच्या तोंडावर शाळेच्या वळणावर नाथाजी गवंड्याच्या नातीला, शिवांजलीला, एका मोटारसायकलने उडवलं. मिरजेला नेऊन पायात सळई घातली. पोर चौथीत आहे, अजून लंगडते. उडवणारा सापडला नाही. आप्पा तेव्हा समोरच्या पारावर बसलेले होते, त्यांनीच तिला उचललं.

आम्ही गतिरोधकासाठी सांगलीला एका ऑफिसात अर्ज केला. उत्तर आलं की नियमात बसण्याइतके मृत्यू त्या ठिकाणी झालेले नाहीत. चेअरमन म्हणाले, थोडं थांबू. (कशासाठी थांबायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाला छाती झाली नाही.)

आता आप्पा. मुनिमहाराजांनी चालताना पुढची चार हात जमीन बघूनच पाऊल टाकायचं, पायाखाली मुंगीसुद्धा येऊ नये, ही ईर्यासमिती मला लहानपणी तुम्हीच शिकवलीत. आप्पांनी ती स्कूटरला लावलीय. मान खाली, नजर चार हातांवर, रस्त्याच्या बरोबर मधोमध, बैलगाडीला लाज वाटेल अशा चालीने ते जातात. मुंगी, गोगलगाय, सुरवंट, सगळे त्यांना दिसतात आणि सगळ्यांना ते चुकवतात. समोरचा टँकर मात्र त्यांच्या नेमात बसत नाही, कारण तो चार हातांच्या पलीकडे असतो. पूर्वी ते सकाळी मंदिरात जाण्यापुरती गाडी काढायचे. आता वर्ष झालं, संध्याकाळी पाच वाजताही काढतात. शाळेच्या वळणावरून पुलापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. विचारलं तर म्हणतात, सूर्यास्ताच्या आत जेवायचं तर भूक लागायला नको का? भूक लागण्यासाठी पायी फिरतात आप्पा, म्हटलं. तर म्हणाले, माझे पाय दुखतात, स्कूटरचे दुखत नाहीत.

गावाने मात्र जुळवून घेतलं. आप्पा दिसले की मोटारसायकली गिअर उतरवतात, ट्रॅक्टरवाला कर्णा बंद करतो, एसटीसुद्धा मागे मागे वरातीसारखी येते. कुणी ओरडत नाही. एक तर वय एकोणऐंशी, आणि दुसरं म्हणजे अर्ध्या गावाने त्यांच्याकडून कधी ना कधी खत उधार नेलंय. त्यांना चुकवताना शेताच्या बांधावर जाऊन बसलेले काही आहेत, पण ते स्वतःच पडले असल्यामुळे त्यांची नोंद होत नाही.

यंदाच्या सप्ताहासाठी मी वर्षवार अपघातांचा तक्ता केला. (फ्लेक्स वीस फुटी आहे. अठरा फुटांवर पुढाऱ्यांचे फोटो, उरलेल्या जागेत अपघात.) बावीस, एकतीस आणि गेल्या साली नऊ! चेअरमन आनंदाने उठून उभे राहिले आणि हे रॅलीचं यश आहे म्हणाले. तेवढ्यात दादासो हवालदारांनी (तुमच्याच भागातले, मेंढरं राखत शिकलेला माणूस, कळपातलं एक कमी झालं तरी ओळखेल) बोट ठेवलं. नवातले सहा अपघात एकाच दीड-दोन महिन्यांत होते. “सेक्रेटरी, ह्या वक्ताला आप्पा कुठं हुतं?” त्यांनी विचारलं. मी आठवलं. आप्पा तेव्हा मोतीबिंदू काढून घरात पडून होते.

आत्ती, मला वाटलं होतं, आता तरी समिती शहाणी होईल, म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर गावाचा रस्ता चाललाय याची कुणाला तरी लाज वाटेल. चेअरमन म्हणाले, “लय भारी! मग आप्पांस्नी सुट्टी देऊ नगासा.” लगेच ठराव झाला. आप्पांना पेट्रोल समितीकडून, उजेडात चमकणारं जाकीट समितीकडून, आणि सव्वीस जानेवारीला ‘अपघातमुक्त चालक’ म्हणून सत्कार, अर्थात फेटा बांधून. सकाळच्या पाळीला कोण, यावरही चर्चा झाली. रंगुबाईंच्या म्हशीचं नाव पुढे आलं होतं, पण रंगुबाईंनी साफ नकार दिला. माझी म्हैस गाभण हाय, तिला काय झालं तर कोण भरून देणार, असं त्या म्हणाल्या. म्हशीची बाजू घेणारं कुणी तरी होतं. आप्पांची बाजू घेणारा मी एकटा, आणि माझ्याकडे इतिवृत्त लिहायचं काम होतं.

वर आणखी ऐका. गतिरोधकाच्या दुसऱ्या अर्जाला परवा उत्तर आलं, की सदर ठिकाणी अपघात घटत असल्याने गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही. म्हणजे आप्पा रस्त्यावर आहेत म्हणून गतिरोधक नाही, आणि गतिरोधक नाही म्हणून आप्पा रस्त्यावर. मी हे हवालदारांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “व्हय की. लय अवघड हाय,” आणि चहा पिऊन गेले.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही. आधी किल्ली लपवली. पण ती स्कूटर आप्पांच्या इतकी सवयीची आहे की दीपालीच्या कपाटाच्या किल्लीनेही सुरू होते. मग प्लग काढून ठेवला, तर मेकॅनिक घरी येऊन नवा बसवून गेला आणि पैसे विचारले तेव्हा हात जोडून म्हणाला, गावाचं काम हाय. शेवटी धर्माचा आधार घेतला. गेल्या महिन्यात मंदिरात मुनिमहाराज विराजमान होते. प्रवचनानंतर श्रावक उठून नियम घेतात, कुणी वर्षभर बटाटा सोडतो, कुणी गोड सोडतो. आप्पांना मी पंधरा दिवस सांगत होतो की या वयात माणसाने वाहनाचा त्याग करावा, स्वतः महाराज देशभर पायी फिरतात. आप्पा प्रत्येक वेळी होय होय करायचे. त्या दिवशी ते खरंच उठले. दीपालीने माझा हात दाबला. आप्पांनी हात जोडले आणि सगळ्या सभेसमोर म्हणाले, हॉर्न वाजवल्याने जीवमात्राला भय होतं, म्हणून आजपासून मी हॉर्नचा त्याग करतो. महाराजांनी आशीर्वाद दिला. सभेने जयजयकार केला. चार बायका रडल्या, त्यात दीपालीही होती, पण तिचं कारण वेगळं होतं.

तर आता आप्पा मान खाली घालून, मधोमध आणि बिनआवाजाचे जातात.

आत्ती, इथवर मी हसून लिहिलं. गेल्या बाजाराच्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. उताराने उसाचा ट्रॅक्टर आला, भरलेल्या दोन ट्रॉल्या. ब्रेक लागले, पण मागचं ओझं पुढे ढकलत होतं. आप्पा वळणावर होते. मी ओरडलो, पण माझाच आवाज मला ऐकू आला नाही. ट्रॅक्टर त्यांच्यापासून चार हातांवर येऊन थांबला. आप्पांनी वरही पाहिलं नाही, शाळेकडे एकदा मान वळवली आणि तसेच पुढे गेले. मला भीती वाटते, आत्ती. रोज पाच वाजले की वाटते. मला सत्कार नको, मला माझा बाप पाहिजे.

घरातल्या थोरांना नमस्कार आणि लहानांना तिळगूळ. गोड बोलायची जबाबदारी यंदा तुमच्यावर नाही, ती का ते खाली लिहितो.

आपला,
आर्जव

ता. क. : सव्वीस तारखेच्या आत इकडे या. आप्पांना ‘शांत्या’ म्हणणारं माणूस जगात आता तुम्ही एकट्याच. आप्पांची सुपारी तुम्ही कशी सोडवलीत ते मी लहानपणी पाहिलंय. समोर जाऊन बसलात, एक शब्द बोलला नाहीत आणि सुपारी सुटेपर्यंत उठला नाहीत. तसंच स्कूटरपुढे बसा.

ता. क. २ : येताना सत्काराचं काही माहीत नाही असं दाखवा. पत्र ब्राह्मीच्या हाती पोस्टात पाठवतोय, म्हणजे आप्पांच्या नजरेला पडायचा प्रश्न नाही.

ता. क. ३ : गुणाक्का, मी शांतिनाथ लिहितोय. ब्राह्मी पोस्टात आली ती माझ्याच गाडीवर बसून. पाकीट चिकटवायचं राहिलं हुतं, ते माझ्या हातात दिलं. वाचलं. आर्जवाचं अक्षर चांगलं हाय.

डोळ्याचं म्हणशील तर मिरजेच्या डाक्टरनं असा डोळा करून दिलाय, की त्या ट्रॅक्टरवाल्यानं दाढी केली नव्हती तेबी मला दिसलं. मान खाली घालतो ती लोकांसाठी. म्हाताऱ्याला दिसत न्हाई म्हटलं की समदी गाडी हळू करत्यात. दिसतंय म्हटलं तर अंगावर घालत्यात. पाचला शाळा सुटती. हॉर्न वाजला की पोरं दचकून पळत्यात, आन् शिवांजलीला पळाय येत न्हाई. ती रस्ता वलांडून पल्याड गेली की मी घरला येतो. दिस बुडायच्या आत जेवाय मिळतं, मला आनि काय पायजे?

तू ये. पर हितं येऊ नगस. सांगलीच्या त्या हापिसात जा आन् सायबाच्या म्होरं बस, माझ्या म्होरं बसलीवतीस तशी. ज्या दिवशी गतिरोधक हुईल त्या दिवशी गाडी सोडीन, हा नियम तुझ्यापाशी घेतला. तवर मला दिसतंय हे आर्जवाला सांगू नगस. सेक्रेटरी हाय, फ्लेक्सवर लावंल.