काळीतलं घर

आत्याबाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी तुम्हाला कधी काही लिहीन असं वाटलं न्हवतं, अन् तुम्हाला तर वाचताबी येत न्हवतं. पण कालपासून जालन्याच्या दवाखान्यात, व्हरांड्यात बसून राह्यले. थोरल्याची वही हाताशी आहे अन् बोलावं असं दुसरं माणूस न्हाई. आत तुमची नात आहे. तुम्ही तिला पाह्यलंच न्हाई, ती तुमच्या वर्षश्राद्धाच्या महिन्यात जन्मली. काल शाळेला निघताना खुंटीवरचं दप्तर काढायला गेली, अन् खुंटीमागच्या भेगेतून तांबडा इंचू निघाला, बोटाला डसला. आधी नुसती रडली. मंग घामानं भिजली, ओकली, हातपाय गार पडले, छातीत घरघर लागली. जीपनं भोकरदनला नेलं, तिथून इकडं. डॉक्टर म्हणले, हृदयावर ताण आलाय, आज संध्याकाळपर्यंत काढलं तर पाहू. मला भीती वाटून राह्यली, आत्याबाई. एवढी भीती मला जन्मात कधी वाटली न्हाई.

गावातलं घर सोडून आम्ही शेतात राहायचं ठरवलं तेव्हा थोरला दोन वर्षांचा होता. दारात नाली, वर जाऊबाईंची रोजची कटकट. लेकरानं मातीत खेळावं, झाडावर चढावं, गाय कशी विते ते डोळ्यांनी पाहावं, असं माझ्या मनात लई होतं. तुम्ही अडवलं न्हाई. एवढंच म्हणल्या, "जा. पण काळीत पेरावं, पांढरीत राहावं. गावची पांढरी सोडायचीच तर मुरमावर जा, ते वरचं टेकाड हाय ना, तिथं. काळी माती उन्हाळ्यात तोंड उघडती, पावसात फुगती. तिच्यावर भिंत टिकत न्हाई." ही गोष्ट आपल्याकडं शेंबड्या पोरालाबी ठाऊक. तरी घर झालं ते विहिरीजवळ, भर काळीत. तुम्ही ओट्यावर बसून ह्यांना विचारलं, "कोणाच्या डोक्यातून निघालं हे?" हे मान खाली घालून म्हणले, "माझ्या. माझी मर्जी." त्या दिवसापासून तुम्ही पोटच्या लेकाशी बोलल्या न्हाईत, पार मरेपर्यंत.

पह्यल्याच उन्हाळ्यात भिंतीला केसाएवढी भेग पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्यात बोट जायला लागलं. मंग दर वैशाखात तुम्ही गावातून पांढऱ्या मातीचं घमेलं डोक्यावर घेऊन यायच्या, कोसभर, अनवाणी. शेण अन् भुसा घालून माती तुडवायच्या अन् अंगठ्यानं भेग दाबत जायच्या, खालून वर. मला दाखवायच्या, "असं दाब बाई. पोकळ ठेवू नको, पोकळीत जीवजंतू राह्यते." हे आसपास आले की पाठ फिरवायच्या. एकदा ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला तर तुम्ही हात लावला न्हाई. तोच तांब्या मी दिला तेव्हा प्याल्या. हे बैलांकडं गेले. जाताना तुम्ही मला म्हणायच्या, "तू गुणाची हाईस. त्यालाच अक्कल न्हाई." शेवटच्या वर्षी तुमची काठवट आणून दिली, भाकरी थापून थापून गुळगुळीत झालेली. म्हणल्या, "माझ्या लेकाच्या येडेपणापायी तुला जन्मभर भिंती लिंपाव्या लागणार. घे, माझ्याकडून तेवढंच." मी घेतली. वर तुमच्या पायाबी पडले.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षं मी बराबर लिंपलं. मंग कापसाची वेचणी, थोरल्याची शाळा, अंगचा आळस. यंदा त्या भेगेत माझा पंजा जात होता अन् मी तिच्यावर कॅलेंडर लावलं. लेकरं मातर मला पाहिजे होती तशीच वाढली. पोरगी आवाजावरून तितर ओळखती, जांभळीच्या शेंड्याला जाती, कशालाच भीत न्हाई. आल्यागेल्याला मी तोंड भरून सांगायचे, माझी लेकरं गावातल्या लेकरांवानी भित्री न्हाईत. थोडं भ्यायला शिकवायला पाहिजे होतं. दप्तर काढायच्या आधी खुंटीमागं काठी आपटावी, एवढं साधंबी मी शिकवलं न्हाई. आता तिच्या नाकात नळी आहे अन् हात पलंगाला बांधलाय.

मघाशी डॉक्टर बाहेर आले, आमच्याकडं पाह्यलं अन् परत आत गेले. हे पायरीवर बसून रडून राह्यले. "मायचं ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती. मीच लेकराला काळीत घातलं," हेच घोकून राह्यले. एवढी वर्षं त्यांनी ते वागवलं की आता त्यांनाबी ते खरं वाटायला लागलं.

सगळ्या देवांना नवस बोलून झाले, आत्याबाई. तुमच्याकडं मागायचं राह्यलंय, अन् मागायच्या आधी खरं सांगावं लागतं. ह्यांनी घराच्या पायाची दोरी टेकाडावरच धरली होती, तुम्ही म्हणल्या तिथंच. मीच म्हणले, उभी हयात मी टेकाडावर हंडे वाहणार न्हाई, घर विहिरीजवळ नसंल तर मी माहेरी चालले. दोन दिवस चूल पेटवली न्हाई. 'माझी मर्जी' म्हणले ते तुमच्या बोलण्यातून मला वाचवायला. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. तुमच्यात अन् त्यांच्यात अबोला पडला, तुम्ही तशाच गेल्या, अन् मी गुणाची राह्यले.

मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. तुम्हाला नातीची हौस होती, मला ठाऊक आहे. पण तिला तिकडं बोलावू नका.

हे पान मी कुठं धाडणार. घडी करून कमरेला खोचीन. हे अजून "माझ्यामुळं, माझ्यामुळं" करून राह्यले. आत्ताच उठून त्यांच्याजवळ जाऊन आले. खरं सांगायला तोंड उघडलं होतं. मंग नुसता पाठीवरून हात फिरवला, अन् त्यांना तसंच म्हणू दिलं.