माझी वाळू घट्ट होते

२ जून
कॉम्प्युटरवरचं मॉडेल एकदाचं चाललं! पुस्तकं म्हणतात, पाण्यानं भरलेली सैल वाळू भूकंपात पुन्हा पुन्हा हादरली की कणांची पकड सुटते आणि ती पिठल्यासारखी पातळ होते. माझी वाळू दर हादऱ्याला जास्त घट्ट होतेय. म्हणजे एक तर माझं चुकलंय किंवा जगाचं. आधी जगाचं तपासायला घेतलंय.
संकल्प: महिन्याभरात पेपर. रोज पाचला उठणे.

५ जून
आठला उठलो. लॅबमधली ज्युनियर जुईली म्हणाली, सर, आपल्या विषयात दाबाला अधिक चिन्ह धरतात, हे सॉफ्टवेअर ताणाला अधिक धरतं, तिथे उणे लावायचं असतं, लावलंत ना? तिला चांगलं सुनावलं. हे दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी मीच शिकवतो. तिच्या मॉडेलमध्ये वाळू पातळ होते. म्हटलं, आधी आपलं तपास.

८ जून, रविवार
प्रत्यक्ष प्रयोग. घरमालक कोंडिबा इथे नांदे गावात भाड्याच्या नव्या खोल्या बांधतायत, त्यांच्या ढिगातली वाळू घेतली. त्यांच्या बायकोची, चंद्राबाईंची बादली. वाळू, पाणी, वर वीट. बाहेरून हातोडीनं ठोकत राहिलो. वीट गडप. बादलीत दोष असावा. चंद्राबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "ईट ऱ्हाऊ द्या, माजी बादली कवा देताय?"
संशोधनाबद्दल आस्था म्हणून नाही.

१३ जून
जुईलीनं अखेर तिचं उणे काढलं. आता तिचीही वाळू घट्ट होते. दोन स्वतंत्र पुरावे झाले! शोधाला माझं आडनाव द्यायचं की नाही, ते जगावर सोडतो.

१८ जून
सेमिनार. गाइड जनार्दन सरांनी आधी जुईलीला उभं केलं. आलेख बघून म्हणाले, "मागच्या वेळी तुझं बरोबर होतं. कुणी बदलायला सांगितलं?"
जुईली म्हणाली, "माझीच चूक झाली, सर."
तिचा प्रगती अहवाल अडकला. त्यावर तिची फेलोशिप आहे. सर बोलत होते तिच्याशी, पण सारखे बघत होते माझ्याकडे. चष्म्याचा नंबर वाढला असणार. मी पाणी प्यायलो. माझा नंबर यायच्या आत पोट दुखायला लागलं. खरंच दुखत होतं. घरी आलो.

१९ जून
सहज म्हणून उणे लावून बघितलं. वाळू पातळ झाली. अगदी बादलीतल्यासारखी.
संकल्प: सरांना आजच फोन.
दुपारी सर जेवत असतील. चारला चहा घेत असतील. सहाला फिरायला जातात.
लाज वाटतेय. लिहूनही कमी होत नाही.

२० जून
वीट काढून बादली घासून परत केली. आणखी काही करायला उरलं नाही म्हणून फोन केला. सर म्हणाले, ठाऊक होतं, तू बोलशील म्हणून बघत होतो. चष्म्याचा नंबर ठीक आहे. जुईलीच्या अहवालावर सही करतायत. माझ्या पेपरबद्दल त्यांनी विचारलं नाही.
मग जुईलीला फोन. माफीची वाक्यं पाठ केली होती, पहिल्याच वाक्यात त त प प झालं. शेवटी ती म्हणाली, "मग मी आता उणे परत लावू का, सर?"
अजूनही मलाच विचारते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.