पाण्यातल्या माणसाला मागून हाक

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि मीही सातवीतच शाळा सोडली, त्यामुळे आपल्यात पत्र हा प्रकार कधी झालाच नाही. तू जाऊन सहा वर्षं झाली. पण गेला महिनाभर तू मला दिसतो आहेस, तेही एका चिनी सिनेमात, हे दुसऱ्या कोणाला सांगू?

मी इथं केरळात प्लायवूडच्या कारखान्यात आहे. खोलीत आपल्याच गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडचा एक बंगाली पोरगा राहतो, त्याला सिनेमाचा भारी नाद. त्यानं मला इंटरनेटवरची एक जागा दाखवली. कोणी जाणकार माणसं तिथं दर महिन्याला पाच-सहा चिनी सिनेमे निवडून लावतात, महिना सरला की काढून घेतात. मी म्हटलं, "चिनी मनजे कराटेच ना बे?" तो हसला, "पहिले देख तं." कराटे कुठंच नव्हतं. एकट्यादुकट्यानं कॅमेरा घेऊन काढलेले सिनेमे. एकात रिकाम्या झालेल्या गावातल्या नुसत्या खिडक्या. एकात पोरगी आईला काहीतरी विचारत राहते आणि आई भाजी निवडत राहते. भाषा कळत नाही, खालची इंग्रजी अक्षरं माझं वाचून होण्याआधीच पळतात. तरी रविवारच्या दुपारी मी त्यातच बसू लागलो.

मग तो तळ्याचा सिनेमा लागला. एक माणूस कमरेइतक्या पाण्यात, पाठ आपल्याकडे, खांद्यावर जाळं. कॅमेरा हलत नाही. गाणं नाही, बोलणं नाही. पोरगा डोकावून म्हणाला, "फोन अटकला काय बे तुहा?" अटकला नव्हता. तो माणूस पाणी पाहत होता, डावा खांदा खाली टाकून, तू पाहायचास तसा. बा, ती तुझीच पाठ होती.

शाळा सोडून मी तुझ्यासोबत तळ्यावर यायला लागलो तो पहिला आठवडा. तू पाण्यात उभा आहेस आणि मी मागून, तळ्याच्या बांधावरून, पाळीवरून ओरडतो, "बा, भाकर आणली!" तू वळत नाहीस. जाळं गोळा करून बाहेर येतोस आणि सगळ्यांसमोर माझा कान पिळतोस. "पाण्यातल्या माणसाले मांगून हाक मारते काय रे? पाण्यातलं दुसरंच कोणी ओ देते. पाळीनं फिरून ये, नजरेत ये, मंग बोल."

मी कामासाठी गाव सोडून निघालो त्या सकाळीही तू पाण्यात पाठमोरा होतास. रस्त्यावर गडचिरोलीची एसटी हॉर्न देत होती. पाळीनं फिरून तुझ्यासमोर यायला वेळ नव्हता, आणि मागून हाक मारायची नव्हती. तसाच चढलो. दोन महिन्यांनी तू तापानं गेलास. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. आईजवळ तुझा एकच फोटो, आधार कार्डावरचा. त्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग. आता डोळे मिटले की पाठच दिसते. चेहरा येत नाही.

त्या सिनेमात शेवटी तो माणूस हळूहळू वळायला लागतो. तिथं मी दर वेळी बंद करायचो. वळला आणि तू नसलास तर? ते दुसरंच कोणी असलं तर?

काल महिना संपला. पोरगा म्हणाला, "आज काढतेत तो. पाह्यचा अशीन तं पूरा पाह्य, नाई तं सोड त्याचा पिच्छा." मी लावला. खांदा हलला, मान वळू लागली, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "बा!" पोरगा दचकून उठला. "काऊन बे? काय झालं?" फोन गादीवर पालथा पडला होता. उचलला तेव्हा पडद्यावर नुसतं पाणी होतं आणि त्यावरून चिनी अक्षरं वर चढत होती. आज तिथं दुसरे सिनेमे लागले आहेत. तो कुठंच सापडत नाही.

हा कागद मी घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवतो आहे. पाठवायचा तरी कुठं? पोराला मी सांगितलं, फोन हातातून निसटला. तसं नाही, बा. मीच पालथा केला.