तिसरीचं नाव मुदिता

आई,

बाळाला घेऊन शहापूरला जातेय, जन्माच्या दाखल्यावर तिचं नाव घालायला. तुमी शेतावरून याल तेव्हा आमी घरात नसू. भात शिजवून ठेवलाय, करुणाला आमटीत कालवून भरवा. मैत्री शाळेतून आली की तिचं ती वाढून घेईल.

तुमाला 'अंतिमा' ठेवायचं होतं, म्हणजे मुली इथंच थांबतील. यांना विचारलं तर म्हणाले, आईला विचार. मग मीच ठरवलं. मोठी मैत्री, मधली करुणा, म्हणून ही मुदिता. बुद्धविहारात ही नावं एकामागोमाग घेतात. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात होणारा आनंद. पुरे झालं, असं सांगणारं नाव घेऊन माझी पोर शाळेत जाणार नाय.

तुमी रागावाल, ते मी ऐकून घेईन. पण नाव बदलणार नाय.

काल तिला न्हाऊ घालताना तुमी 'माझी सोनी' म्हणत होतात, मी आतून ऐकलं. घरात तुमी तिला सोनीच म्हणा. तुमी हाक मारलीत की ती तुमच्याकडंच येईल.

रंजिता