एकाच जातीचं तळं

प्रिय सूनबाई,

सासऱ्याचं पत्र पाहून दचकू नकोस. फोन करायचा तर या घरात माझ्या कानाला आणखी चार कान चिकटलेले असतात, म्हणून कागद धरला. तू गेल्यापासून तुझ्या नवऱ्याने नुसता वैताग आणला आहे. त्याला तू परत यायला हवी आहेस, आणि त्यासाठी जे करायला हवं ते सोडून बाकी सगळं तो करतो आहे.

आधी तळ्याचं सांगतो, तुझा जीव तिथेच अडकला असणार. तीन जातींचे मासे एकत्र वाढवायची तुझी ती मांडणी त्याला कधी पटलीच नव्हती. वरच्या पाण्यातलं हिरवं शेवाळ गाळून खाणारा चंदेरा, काठाचं गवत फस्त करणारा गवत्या आणि तळाचा चिखल उकरत फिरणारा सायप्रिनस, प्रत्येकाचं ताट वेगळं, त्यामुळे भांडण नाही. तुझी पाठ वळली आणि यानं जाळं टाकून चंदेरा आणि गवत्या दोन्ही विकून टाकले. का, तर म्हणे हे दोघे जागा अडवतात आणि बाजारात मागणी सायप्रिनसला. मग नुसता सायप्रिनस सोडला, तोही दुप्पट. मी म्हटलं, अरे बाबा, बायको काही सांगून गेली आहे ना? तर मला म्हणतो, तुम्ही आता आराम करा. आराम! ज्या घरात पाय पसरायला जागा नाही, तिथे आराम काय डोंबल करायचा?

व्हायचं तेच झालं. शेवाळ खाणारा कुणी उरला नाही, पाणी हिरवंगार झालं. काठाला गवत माजलं. सगळे मिळून तळाचा गाळ ढवळतात आणि एकमेकांच्या तोंडचं पळवतात. परवा जाळ्यात आला तो मासा बघून मला रडू की हसू कळेना. वीतभर लांबी, डोकं तेवढं वाढलेलं आणि अंग सुकलेलं. एवढं महागाचं खाद्य जातं कुठे, असं तुझा नवरा मलाच विचारतो, जणू मी खातो.

पण खरा कळस पुढेच आहे. एका पहाटे बघतो तर सगळे मासे पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासून उभे. गुदमरत होते बिचारे, पाण्यात हवाच उरली नव्हती. आणि आमचे चिरंजीव काय म्हणाले असतील? "बाबा, बघा, केवढी भूक लागलीय यांना!" आणि ओतलं की अख्खं पोतं! मी ओरडून ओरडून घसा कोरडा केला. ते खाद्य तसंच कुजलं, आणि दुसऱ्या दिवशी काठाला जे दिसलं ते तुला सांगवत नाही. मग कुठे साहेबांनी पंप लावून पाणी खेळवलं, तेव्हा उरलेले वाचले.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तूही मागच्या दाराशी अशीच येऊन उभी राहायचीस. आत माझी लेक, जावई आणि त्यांची कार्टी. चार दिवसांसाठी म्हणून आले आणि तुमचीच खोली बळकावून बसले. दिवसभर तळ्यावर राबून आलीस की टेकायला कोपरा नाही. खाद्याची खोली रिकामी करून आपण दोघं तिथे राहू, असं तू किती वेळा म्हणालीस. तर याचं एकच पालुपद, लोक काय म्हणतील. तू दाराशी दिसलीस की हा धावत बाजारात जायचा आणि काहीतरी घेऊन यायचा. कधी कानातले, कधी मिक्सर, आणि तो भलामोठा आरसा, जो टांगायला घरात भिंत शिल्लक नव्हती! वाईट नाही गं तो. वाईट असता तर चार शब्द सुनावून मी मोकळा झालो असतो. गाढव आहे, पण जीव लावणारं गाढव आहे, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

तुला मत्स्यबीज केंद्रात काम मिळालं आणि राहायला स्वतंत्र खोलीही, हे तुझ्या बहिणीकडून कळलं. किल्ली तुझ्या एकटीकडे असते म्हणे. ऐकून फार बरं वाटलं. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. येत्या रविवारी तुझा नवरा तुझ्याकडे येणार आहे. त्याने आणि माझ्या लेकीने मिळून घाट घातला आहे. पडलेल्या चेहऱ्याने तो सांगेल की बाबांनी अंथरूण धरलंय, सारखं तुझंच नाव घेतात, एकदा येऊन जा. तू फोन केलास तर मी कसं खोकायचं, याची कालपासून माझ्याकडून तालीम करून घेताहेत! सूनबाई, मला काहीही झालेलं नाही. आज सकाळी काठाचं गवत मीच कापलं. तुझी आठवण येते, अगदी रोज येते, ती मला कुणी शिकवावी लागत नाही. पण माझ्या आजारपणाच्या नावाखाली या घरात पाऊल टाकू नकोस. त्याला आत घे, पाणी दे आणि विचार, तू मला नेऊन ठेवणार कुठे? उत्तर आलं नाही, तर त्याला एकट्यालाच परत पाठव. त्याला जेवू घालायला मी आहे इथे.

तुझाच, आणि अगदी ठणठणीत,
बाबा