नऊ खळग्यांचा चमचा

मी नोर्जिन, वय एकसष्ट, गुरांची निवृत्त डॉक्टर, राहणार उत्तर उतारावरचा हिवाळी तळ. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. मला दटावून हे मृत्युपत्र लिहून घेईल असं माणूस अजून भेटलेलं नाही.

१. तंबू, चूल आणि जगलेल्या एकोणीस मेंढ्या सून सारन हिच्या. बाकीच्या यंदाच्या बर्फाने नेल्या. शहरात नवऱ्याकडे जायला तिने सामान बांधलं आहे. थांबण्याची अट मी घालत नाही. विकायचं तर विकावं.

२. दीर गोम्बो याला माझा चावरा घोडा. दोघांचं जमेल.

३. आकाशाला दूध शिंपडायचा नऊ खळग्यांचा लाकडी चमचाही सारनलाच. तो मात्र विकू नये.

चमचा माझ्या सासूबाईंचा. सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात मी कॉलेजातून नुकतीच आले होते. त्या रोज सकाळी शिंपडायच्या; दूध आटलं तेव्हा पातळ चहा. मी म्हटलं, "आई, प्यायला पुरत नाही, आकाशाला कशाला?"

"आकाशाला नको असतो गं. मला उठायला निमित्त लागतं."

त्याच महिन्यात एका मेंढीचं कोकरू मेलं. तिला दुसरं, पोरकं कोकरू लावायचं होतं. ती लाथा मारी. सासूबाई शेजारी बसून तीन दिवस "तोइग, तोइग" असं मेंढीला मनवायचं गाणं गायल्या. त्यांचा घसा बसला, मग मी गायले. पदवीला हे शिकवलेलं नव्हतं. संध्याकाळी मेंढीने पाजलं. गोम्बो म्हणाला, "वहिनी, कंटाळून मानली ती." तेहतीस वर्षं हेच सांगतो आहे. कलम दोन त्यासाठी.

४. काल गोठ्यात तसंच पोरकं कोकरू. सारनला गायला सांगितलं. "आई, चारशे मेल्या. एकासाठी गाऊन काय होणार?" चमचा हेच उत्तर समजावं. शहरात गॅलरीतून शिंपडलं तरी चालेल. खाली कोणाचे कपडे वाळत नाहीत ना, तेवढं बघावं.

५. हे कलम साक्षीदार आल्यावर जोडलं. आत्ता गोठ्यातून गाणं ऐकू येतं आहे. शेजारचा दोर्लिग म्हणतो, "बाई, हिच्यापेक्षा तुमचा आवाज बरा म्हणायचा." सारन जायला मोकळी आहे, कलम एक बदलू नये. फक्त मेंढी मानेपर्यंत सारनला कोणी हाक मारू नये.

सही: नोर्जिन
साक्षीदार: उयांगा, शाळाशिक्षिका, दोर्लिग, शेजारी
हिवाळी तळ, १४ मार्च २०१०